उजनीकाठची राखण : कॅमेरा कोणता आणि कशासाठी?

भीमा नदीवर उजनी येथे बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाणफुगवट्याने सोलापूर जिल्ह्यातील करमाळा व माढा, पुणे जिल्ह्यातील इंदापूर व दौंड आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत या तालुक्यांचा नदीकाठ कायमचा बदलून टाकला. जुनी गावे पाण्याखाली गेली, नवी गावठाणे वर वसली, आणि ज्यांच्या जमिनीचा काही भाग वाचला त्यांनी पाणी उपसून ऊस आणि केळी उभी केली. या नव्या संपत्तीची राखण करण्याचा प्रश्न मात्र तेव्हापासून पुरता सुटलेला नाही. काठावर उघड्यावर पडलेल्या विद्युत मोटारी, त्यांच्या तांब्याच्या केबली, पाण्याखालची वाळू, मच्छीमारांच्या होड्या आणि जाळी यांवर रात्री डल्ला मारणाऱ्यांची तक्रार काठच्या गावांना नवी नाही. या तक्रारीवर अलीकडे सुचविला जाणारा उपाय म्हणजे कॅमेरा. आणि काठ विस्तीर्ण असल्याने साधा कॅमेरा पुरणार नाही, एकाच खांबावरून सारा परिसर टिपणारा सर्वदर्शी कॅमेरा घ्यावा, असा आग्रह त्याबरोबर ओघाने येतो.

हा आग्रह वरवर पाहता तर्कशुद्ध वाटतो. क्षेत्र मोठे, तर दृष्टीही मोठी हवी. परंतु सार्वजनिक पैशातून एखादी वस्तू घेताना ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे, हे आधी ठरवावे लागते. राखणीचे प्रश्न तीन आहेत : घटना कोठे घडली, केव्हा घडली आणि ती कोणी घडविली. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर देणारे यंत्र तिसऱ्याचे उत्तर देईलच असे नाही. बहुतेक ग्रामस्थांना हवे असते ते तिसऱ्याचे उत्तर, आणि सर्वदर्शी कॅमेरा प्रामुख्याने पहिल्या दोहोंचे उत्तर देतो. खरेदीपूर्वी ही गोष्ट ग्रामसभेसमोर स्पष्टपणे मांडली गेली नाही, तर पैसा खर्च होऊनही हाती निराशाच येण्याचा संभव आहे.

सरकता काठ

उजनीचा जलाशय इतर राखणीच्या जागांपेक्षा एका बाबतीत मूलतः वेगळा आहे. कारखान्याचे आवार, बाजारपेठ किंवा बसस्थानक जागचे हलत नाही. उजनीचा काठ हलतो. धरणाची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर आणि उपयुक्त साठा संपतो ती पातळी ४९१.०३ मीटर आहे. या दोन पातळ्यांतील अंतर सहा मीटरही भरत नाही. परंतु तेवढ्याच उंचीत ५३ टीएमसीहून अधिक पाणी मावते, यावरून जलाशय किती उथळ आणि पसरट आहे याची कल्पना यावी. पाणी मीटरभर उतरले की सपाट भागातील काठ कितीतरी लांब जातो. त्याखाली आणखी सुमारे ६३ टीएमसीचा मृत साठा आहे, आणि अवर्षणाच्या वर्षी पाणी त्यातही उतरते. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. अशा वर्षी पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, गाळपेर जमिनी मोकळ्या होतात आणि शेतकऱ्याला पाण्यामागे धावावे लागते. तो चारी खोदतो, मोटार पुढे सरकवितो, केबल जोडत नेतो.

म्हणजेच ज्या वस्तूची राखण करावयाची, ती ऑक्टोबरात गावाच्या पायथ्याशी असते आणि मे महिन्यात दूर गाळात, वस्तीच्या नजरेआड गेलेली असते. चोरीला सर्वांत सोयीचा काळही हाच. कारण केबलीची लांबी वाढलेली असते आणि माणसाची ये-जा कमी झालेली असते. तांब्याची केबल भंगाराच्या भावाने विकणाऱ्याला त्यातून जे मिळते, त्याच्या कैकपट नुकसान शेतकऱ्याचे होते. नवी केबल त्याला बाजारभावाने घ्यावी लागते, मोटार बंद राहिलेल्या दिवसांत उभे पीक सुकते, आणि दुरुस्तीपर्यंतची पाण्याची पाळी पुन्हा मिळत नाही. चोराच्या लाभापेक्षा समाजाची हानी अनेक पटींनी मोठी असलेला हा गुन्हा आहे. म्हणून त्याच्या प्रतिबंधावर खर्च करणे समर्थनीय ठरते. मात्र तो खर्च नेमका कोठे करावा, याचे उत्तर काठाच्या या सरकण्यात दडलेले आहे. खांबावर एकदा बसविलेला कॅमेरा पाण्यामागे धावू शकत नाही.

रुंदी आणि ओळख

विस्तृत परिसर पाहणारे कॅमेरे मुख्यत्वे तीन प्रकारचे असतात. पहिला मत्स्यनेत्री भिंगाचा : एकच फुगीर भिंग चहूबाजूंचे, म्हणजे ३६० अंशांचे दृश्य एका गोल चित्रात घेते. दुसरा अनेक डोळ्यांचा : एकाच घरात चार भिंगे बसविलेली असतात आणि त्यांची चित्रे शेजारी शेजारी जोडून १८० अंशांचा अखंड पट्टा तयार होतो. तिसरा फिरता : भिंग एकच, पण ते चारी दिशांना वळते आणि दूरची वस्तू जवळ आणून दाखविते. तिन्हींचे विक्रेते ‘सारे दिसेल’ असेच सांगतात, आणि तिन्हींच्या बाबतीत ते विधान काही अंशी खरेच असते. प्रश्न ‘दिसणे’ या शब्दाचा अर्थ काय, एवढाच आहे.

या अर्थासाठी आंतरराष्ट्रीय मानकांत एक सोपे माप ठरविलेले आहे. कॅमेऱ्याचे चित्र सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. प्रत्यक्षातील एक मीटर रुंदी चित्रात किती ठिपक्यांनी दाखविली जाते, यावर त्या चित्राची उपयुक्तता ठरते. मीटरमागे २५ ठिपके असतील तर तेथे कोणीतरी आहे, एवढे कळते. सुमारे ६२ असतील तर त्याची हालचाल आणि पेहराव न्याहाळता येतो. १२५ असतील तर परिचित माणूस ओळखू येतो, आणि अपरिचिताची ओळख निःसंशय पटवावयाची तर २५० लागतात. मीटरमागचे हे ठिपके म्हणजे या व्यवहारातील चलन होय. कॅमेऱ्याकडे ते मर्यादित असतात. रुंदीवर खर्च केले तर ओळखीसाठी उरत नाहीत.

उदाहरणादाखल, प्रत्येकी ३८४० ठिपके रुंदीची चार भिंगे असलेला, बऱ्यापैकी महाग असा १८० अंशांचा कॅमेरा घेऊ. त्याच्याकडे आडव्या रेषेत एकूण १५,३६० ठिपके आहेत. खांबापासून २०० मीटरवर त्याला जे अर्धवर्तुळ पाहावयाचे आहे त्याची लांबी सुमारे ६२८ मीटर भरते. म्हणजे मीटरमागे २५ च्या जवळपास ठिपके. तेथे कोणी आहे, इतकेच तो सांगू शकतो. अपरिचिताची ओळख पटवावयाची तर तो मनुष्य खांबापासून २० मीटरच्या आत यावा लागतो. एक किलोमीटरवर मीटरमागे पाचही ठिपके उरत नाहीत; सात मीटर लांबीची होडी तेथे ३४ ठिपक्यांची एक रेघ बनून दिसते. होडी आहे आणि ती कोणत्या दिशेला चालली आहे, हे त्यावरून कळेल. त्यात कोण बसले आहे, हे कोणत्याही प्रयत्नाने कळणार नाही. चित्रपटांत अंधूक चित्र मोठे करून गुन्हेगाराचा चेहरा स्पष्ट केला जातो, तसे प्रत्यक्षात घडत नाही. जे ठिपके टिपलेच गेले नाहीत ते मागाहून निर्माण करता येत नाहीत, आणि यंत्राने कल्पनेने भरलेला चेहरा हा पुरावा नव्हे.

मत्स्यनेत्री कॅमेऱ्याची स्थिती याहून बिकट असते, कारण त्याचे मर्यादित ठिपके पूर्ण वर्तुळात वाटले जातात. दहा-पंधरा मीटरच्या परिघातील चौक, मंदिराचा सभामंडप किंवा दूध संकलन केंद्राचे आवार यांसाठी तो उत्तम आहे. जलाशयाच्या काठी त्याची अर्धी दृष्टी मागच्या वस्तीवर वाया जाते. फिरत्या कॅमेऱ्याचे गणित उलटे आहे. तीस पट जवळ आणणारे भिंग असलेला सर्वसाधारण कॅमेरा एक किलोमीटरवर केवळ चाळीसेक मीटरचा पट्टा पाहतो. पण त्या पट्ट्यात मीटरमागे सुमारे ४८ ठिपके मिळतात. म्हणजे होडीतील माणसे मोजता येतात. मात्र ज्या क्षणी तो त्या चाळीस मीटरकडे पाहतो, त्या क्षणी उरलेल्या साऱ्या काठाकडे त्याची पाठ असते. आणि त्याला वळविणारा माणूस जागा नसेल तर तो दुर्बीण नसून केवळ खांबावरची शोभा आहे.

याखेरीज निसर्गाच्या अडचणी आहेत. करमाळा व माढा तालुके नदीच्या डाव्या तीरावर येतात. तेथून पाण्याकडे पाहणारा कॅमेरा बहुतेक ठिकाणी नैर्ऋत्येच्या सुमारास पाहतो, आणि मावळतीचे ऊन पाण्यावरून परतून थेट त्याच्या भिंगात शिरते. हिवाळ्यात पहाटेचे धुके, उन्हाळ्यात तापलेल्या गाळावरची थरथरणारी हवा, वावटळीची धूळ आणि रात्री कॅमेऱ्याच्या अदृश्य प्रकाशाभोवती जमणारे कीटक व त्यांच्यासाठी जाळी विणणारे कोळी, या साऱ्यांचा परिणाम चित्रावर होतो. विस्तृत दृश्याच्या कॅमेऱ्यांचा स्वतःचा रात्रीचा प्रकाश काही दशक मीटरांपलीकडे क्वचितच पोचतो. त्यामुळे दिवसा ज्या पाण्यावर दोनशे मीटरपर्यंत हालचाल टिपली जाते, तेच पाणी अमावास्येच्या रात्री काळा पडदा बनते.

चोराची वाट

तर मग कॅमेरा निरुपयोगी आहे काय? तसा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. काठ विस्तीर्ण आहे, परंतु काठाकडे जाणाऱ्या वाटा मोजक्याच आहेत. चोरलेली केबल पाण्यातच राहत नाही. ती जाळून तांबे काढण्यासाठी आणि विकण्यासाठी कोठेतरी न्यावी लागते. उपसलेली वाळू होडीतून काठाला येते, पण पुढे तिला ट्रॅक्टर, टिपर आणि रस्ता लागतो. वाळू ही वजनदार आणि मोलाने हलकी वस्तू असल्याने तिच्या धंद्याचा जीव वाहतुकीतच असतो. हजारो हेक्टर पाण्यावर पहारा ठेवण्यापेक्षा गावातून बाहेर पडणारे दोन-तीन रस्ते पाहणे कितीतरी स्वस्त आणि फलदायी आहे. २५६० ठिपके रुंदीचा साधा स्थिर कॅमेरा सहा मीटर रुंदीच्या रस्त्यावर रोखला, तर मीटरमागे चारशेहून अधिक ठिपके मिळतात. वाहनाचा क्रमांक वाचता येतो, आणि उजेडाची सोय असेल तर चालकाचा चेहराही. एका चार डोळ्यांच्या कॅमेऱ्याच्या किमतीत असे अनेक साधे कॅमेरे येतात.

गावाच्या राखणीचे जुने शास्त्रही हेच होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून घेतलेल्या मुलुखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराच्या कर्तव्याचे वर्णन आहे. चोरी झाली की राखणदाराने चोराचा माग काढावयाचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला की जबाबदारी त्या गावाकडे जावयाची. चोर अथवा माल न सापडल्यास भरपाईचा प्रश्न उभा राहावयाचा. साऱ्या शिवारावर एकाच वेळी नजर ठेवण्याची अपेक्षा त्या व्यवस्थेने राखणदाराकडून केली नव्हती. शिवेवर आणि वाटेवर लक्ष, आणि चुकल्यास कोणावर तरी निश्चित जबाबदारी, हे तिचे दोन आधार होते. त्या व्यवस्थेत अन्याय होते, जातीच्या बेड्या होत्या आणि निरपराधांना भुर्दंडही बसत असे. ती परत आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु आजच्या कॅमेऱ्याच्या योजनांत तिचे दोन्ही आधार गळून पडलेले दिसतात, हे लक्षात घेतले पाहिजे.

पाहणारा कोण?

कॅमेरा स्वतः काहीच अडवीत नाही. जेरेमी बेंथॅमने अठराव्या शतकाच्या अखेरीस सर्वदर्शी कारागृहाची कल्पना मांडली. पहारेकरी आपल्याकडे पाहतो आहे की नाही हे कैद्याला कळू नये, म्हणजे तो सदैव पाहतो आहे असे समजून कैदी वागेल, हे तिचे मर्म होते. गावच्या खांबावरील कॅमेराही याच भीतीवर विसंबून असतो. फरक असा की, कैद्याला सत्य पडताळण्याची सोय नव्हती. उजनीकाठच्या वाळूचोराला ती आहे. कॅमेऱ्यासमोरून दोन-तीन रात्री वाहने नेऊन काहीही घडले नाही, तर पलीकडे कोणी बसलेले नाही हे त्याला समजते, आणि त्या दिवसापासून यंत्राची जरब संपते. एरिक पायझा व त्याच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अनेक देशांतील चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. कॅमेऱ्यांच्या क्षेत्रात गुन्ह्यांत सरासरी सुमारे तेरा टक्के घट आढळली. घट सर्वांत ठळक होती ती वाहनतळांसारख्या बंदिस्त जागांत, आणि जेथे प्रत्यक्ष माणूस चित्रे पाहत होता व इतर उपायांची जोड होती अशा योजनांत. उघड्या, अमर्याद जागेतील बेवारस कॅमेऱ्याकडून फारशी अपेक्षा ठेवण्यास हा आढावा आधार देत नाही.

ग्रामपंचायतीच्या अर्थकारणाची खरी अडचण येथेच आहे. खरेदीसाठी निधी मिळतो. वित्त आयोगाच्या अबंधित अनुदानातून, जिल्हा नियोजनातून, लोकवर्गणीतून किंवा एखाद्या कारखान्याच्या साहाय्यातून तो उभा राहतो. खांब उभा राहतो, उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. पुढच्या वर्षाचा वीजखर्च, सौरपट्टीची बॅटरी, भिंग पुसणारा माणूस, तुटलेली तार, कालबाह्य झालेली यंत्रप्रणाली यांसाठी मात्र कोणत्याही शीर्षाखाली तरतूद नसते. नुसत्या साठवणीचा हिशेब पाहावा. चार डोळ्यांच्या कॅमेऱ्यातील प्रत्येक भिंगाचे चित्र सेकंदाला एक मेगाबाइट जागा घेत असेल, तर दिवसाला सुमारे ३४५ गिगाबाइट आणि तीस दिवसांना दहा टेराबाइटहून अधिक जागा लागते. ती न घेतल्यास चार-आठ दिवसांतच जुने चित्रण पुसले जाते. आणि पाळी नसल्याने चार दिवस मोटारीकडे न फिरकलेला शेतकरी तक्रार घेऊन येतो, तेव्हा पाहण्यासारखे काही उरलेले नसते. भांडवली खर्च उत्साहाने आणि आवर्ती खर्च नाइलाजाने करण्याची आपल्या सार्वजनिक व्यवहाराची जुनी सवय पाण्याच्या टाक्यांपासून पथदिव्यांपर्यंत सर्वत्र दिसते. कॅमेरा तिला अपवाद ठरेल असे मानण्यास कारण नाही.

म्हणून पाहणाऱ्याची आणि धावणाऱ्याची व्यवस्था यंत्राच्या आधी ठरली पाहिजे. त्यासाठी कायद्याने चौकट दिलेली आहे. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीसपाटलाचे पद आणि ग्रामसंरक्षक दलाची तरतूद केली. अनेक जिल्ह्यांत आज ग्रामसुरक्षा यंत्रणाही चालते. एका दूरध्वनीने गावातील नोंदलेल्या साऱ्या लोकांना एकाच वेळी संदेश जातो. काठावर हालचाल दिसताच हा संदेश देण्याची जबाबदारी एका निश्चित व्यक्तीवर, निश्चित मोबदल्यावर सोपविली, तर साध्या कॅमेऱ्यालाही अर्थ येतो. ती सोपविली नाही, तर अत्यंत महाग कॅमेराही चोरीची स्मृती जपणारे यंत्र ठरतो. त्याच वेळी हेही स्पष्ट असावे की, संदेशाचा हेतू गस्त आणि पोलीस यांना जागे करणे हा आहे; धूसर चित्रातील ठिपक्यावरून जमावाने कोणा वाटसरूला घेरण्याचा तो परवाना नव्हे.

पुरावा आणि मर्यादा

चित्रण हाती आले तरी न्यायालयात त्याचे मोल आपोआप ठरत नाही. या बाबतीतील महत्त्वाचा निर्णय महाराष्ट्रातील निवडणुकीच्या वादातूनच आला. जालन्याच्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणाचा मुद्दा होता. इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे. भ्रमणध्वनीवरून भ्रमणध्वनीवर फिरलेली चित्रफीत गावात संताप निर्माण करील. खटल्यात ती टिकेलच असे नाही. मूळ संच कोणाच्या ताब्यात, घड्याळ बरोबर आहे काय, प्रत कोणी काढली, याची नोंदवही ग्रामपंचायतीत असणे हे भिंगाच्या दर्जाइतकेच महत्त्वाचे आहे. खरेदीच्या वेळी आणखी एक दक्षता घ्यावयाची : कॅमेऱ्यांच्या माहिती-सुरक्षिततेची शासकीय चाचणी केंद्राने २०२५ पासून बंधनकारक केली आहे; स्वस्त मिळतो म्हणून अप्रमाणित माल घेतल्यास गावाचे चित्र परक्याच्या हाती जाण्याचा धोका राहतो.

विस्तृत दृष्टीला दुसरी, अधिक नाजूक मर्यादा आहे. उजनीचा काठ ही केवळ चोरीची जागा नव्हे. तेथे स्त्रिया धुणे धुतात, माणसे आंघोळ करतात, मच्छीमार कुटुंबे काठावरच्या झोपड्यांतून राहतात. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितले, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. रस्त्यावर रोखलेला कॅमेरा रस्ताच पाहतो. सर्वदर्शी कॅमेरा न मागितलेलेही पाहतो. ज्यांना ग्रामसभेत फारसा आवाज नसतो तेच या दृष्टीखाली दिवसभर राहणार असतात. घाट आणि वस्तीचा भाग चित्रातून झाकण्याची सोय या यंत्रांत असते. ती वापरण्याचा ठराव खरेदीच्या ठरावाबरोबरच झाला पाहिजे.

पाण्यावरचे माणूस

या साऱ्या विवेचनावरून सर्वदर्शी कॅमेऱ्याला उजनीकाठी जागाच नाही, असे मात्र ठरत नाही. एका ठिकाणी त्याची जागा निश्चित आहे, आणि तिचा विचार राखणीच्या चर्चेत क्वचितच होतो. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी अकस्मात उठलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. एकजण पोहून काठाला लागला; सहा जणांचा मृत्यू झाला, त्यांत लहान मुलेही होती. शोधासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला यावे लागले. रस्त्याने मोठा वळसा पडतो म्हणून रोज होडीने पाणी ओलांडणाऱ्या काठच्या माणसांसाठी हा केवळ एका दिवसाचा अपघात नव्हता. आपण कशावर विसंबून आहोत, याची ती जाणीव होती.

अशा प्रसंगी ‘कोण’ हा प्रश्नच नसतो. होडी कोठे होती आणि केव्हा दिसेनाशी झाली, एवढेच हवे असते; आणि नेमके तेच विस्तृत दृश्याचा कॅमेरा सांगू शकतो. दोन काठांवरच्या दोन कॅमेऱ्यांनी एकच होडी टिपली असेल, तर मोजणीदार दोन खुणांवरून बिंदू काढतो त्याप्रमाणे ती शेवटची दिसली ती जागा नकाशावर काढता येते, आणि शोधाचे क्षेत्र आकुंचित होते. अर्थात कॅमेऱ्याने होडी उलटण्याचे टळणार नाही. त्यासाठी जीवरक्षक जाकिटे, प्रवासी संख्येची मर्यादा, वाऱ्याची पूर्वसूचना मिळताच होड्या थांबविण्याचा अधिकार असलेला माणूस आणि शेवटी पूल, हेच उपाय आहेत. परंतु दोन तीरांदरम्यान माणसे पाण्यावर असताना काठावर कोणाची तरी नजर असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. आणि तिच्यासाठी जी यंत्रणा लागते ती दोन जिल्ह्यांनी मिळून उभारावी लागेल.

हा शेवटचा मुद्दा राखणीलाही लागू आहे. पाण्याच्या मधोमध जिल्ह्यांच्या हद्दी आहेत. सोलापूरच्या बाजूने महसूल पथक निघाले की वाळूची होडी पुण्याच्या बाजूला सरकते, आणि उलटही घडते. महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे, यांत्रिक होड्या जिलेटिनने उडवून देण्याच्या कारवायाही वेळोवेळी होतात. तरी धंदा पुन्हा उभा राहतो, कारण पलीकडचा काठ मोकळा असतो. एका गावाने कॅमेरा लावला आणि शेजारच्याने लावला नाही, तर गुन्हा कमी न होता केवळ स्थलांतर करतो, आणि त्याचा खर्च दुर्बळ गावावर पडतो. एकेका ग्रामपंचायतीने आपापल्या ऐपतीप्रमाणे यंत्र घेण्याने हे सुटणार नाही. काठच्या तालुक्यांनी रस्त्यांवरील कॅमेऱ्यांची नोंद एकत्र पाहण्याची सोय केली, तर साधी यंत्रेही अधिक काम देतील.

तात्पर्य, निवडीचा क्रम उलटा लावला पाहिजे. आधी पाहणारा व धावणारा माणूस आणि त्याचा वर्षाचा मोबदला; मग गावाबाहेर पडणाऱ्या वाटांवर अरुंद दृष्टीचे साधे कॅमेरे व पुरेसा उजेड; त्यानंतर तीस दिवसांची साठवण आणि देखभालीची तरतूद; आणि हे सारे झाल्यावर, जेथे होड्यांची ये-जा आहे अशा धक्क्यांवर, दोन्ही तीरांच्या संमतीने, विस्तृत दृश्याचा कॅमेरा. फिरता कॅमेरा ज्याच्याकडे रात्रभर बसणारा मनुष्य आहे त्यानेच घ्यावा. मत्स्यनेत्री कॅमेरा चौकात आणि सभामंडपात ठेवावा. मे महिन्यात गाळात पडलेल्या केबलीपर्यंत यांपैकी एकही कॅमेरा पोचणार नाही. तेथे शेजारच्या चार शेतकऱ्यांनी पाळीपाळीने घातलेली गस्तच उपयोगी पडेल, आणि त्या गस्तीला बॅटऱ्या, शिट्ट्या व थोडा भत्ता देण्यास ग्रामपंचायतीला एका सर्वदर्शी कॅमेऱ्याच्या किमतीचा अंशही लागणार नाही. धरणासाठी ज्यांनी आपली गावे सोडली, त्यांच्या वाट्याला आलेल्या पाण्यावर आणि पाण्यातून जाणाऱ्या त्यांच्या माणसांवर लक्ष ठेवण्याचा खर्च त्यांनी एकट्याने का सोसावा, हा प्रश्न मात्र ग्रामसभेच्या बाहेर, जिल्ह्याच्या आणि राज्याच्या अंदाजपत्रकापुढे विचारला गेला पाहिजे.